आजोबांची टू-पाउंडर

रणगाड्याविरुद्ध छोटी तोफ वापरायची असेल, तर सगळ्यात आधी एक लक्षात ठेवायचं. ती रणगाड्याच्या समोर मांडायची नाही. बाजूला मांडायची, लपवून मांडायची आणि मग गप्प बसायचं.

हे मी लिहितेय याची मलाच गंमत वाटते. माझं शिक्षण बी.ए. इंग्लिश, काम कंटेंट रायटिंगचं. दिवसभर मी मिक्सर, सनस्क्रीन आणि पाठदुखीच्या गाद्यांबद्दल लिहीत असते. पण रविवारी जेवणं झाली, ताटं उचलली गेली, की इंदूरच्या आमच्या घरातल्या डायनिंग टेबलावर खाकी चादर अंथरली जाते आणि १९४२ सालचं लिबियाचं वाळवंट तयार होतं. एका बाजूला माझा धाकटा भाऊ, वय सोळा, जर्मन रणगाडे घेऊन. दुसऱ्या बाजूला आजोबा, वय सत्त्याहत्तर, मोजके जवान आणि दोन छोट्या तोफा घेऊन. मी पंच. आई प्रेक्षक, आणि तिची एकच अट: पाचच्या चहाला टेबल रिकामं पाहिजे.

वॉरगेम हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बुद्धिबळासारखाच दोघांनी खेळायचा खेळ, पण चौकटी नाहीत. इंचभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक, त्याच मापाचे रणगाडे, थर्माकोलच्या टेकड्या. अंतर मोजायला इंचाची टेप आणि नशीब मोजायला फासे. आम्ही खेळतो त्याचं नाव बोल्ट अ‍ॅक्शन. वॉरलॉर्ड गेम्स आणि ऑस्प्रे यांनी तो २०१२ मध्ये काढला. आमच्याकडे त्याची दुसरी आवृत्ती आहे. हॉबीच्या वस्तू विकणाऱ्या एका क्लायंटसाठी मी वर्णनं लिहीत होते, तेव्हा नमुन्याचा एक डबा माझ्याकडे राहिला. भावाने रणगाडे जोडायला घेतले. आजोबा आयुष्यभर लेथवर काम केलेले टर्नर. नातवाने रणगाड्याला लावलेला फेव्हिक्विकचा ढीग त्यांना बघवेना. त्यांनी चष्मा लावला, कानस घेतली आणि शेजारी बसले. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "यात टू-पाउंडर मिळते का गं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा शब्द त्यांना कुठून माहीत, हे तेव्हा आम्ही विचारलं नाही.

टू-पाउंडर ही ब्रिटिश फौजेची छोटी रणगाडाविरोधी तोफ. तोंडाचा व्यास ४० मिलिमीटर, गोळा साधारण दोन पौंडांचा, म्हणजे किलोच्या आसपास, म्हणून हे नाव. युद्धाच्या सुरुवातीला ती चांगलीच होती. पण रणगाड्यांचं चिलखत दरवर्षी जाड होत गेलं आणि तोफ तेवढीच राहिली. जर्मनांच्या ३७ मिलिमीटरच्या पाक ३६ तोफेचंही तेच झालं. तिचे गोळे मोठ्या रणगाड्यांवर आपटून नुसता आवाज करायचे, म्हणून त्यांचेच सैनिक तिला दार ठोठावायचं यंत्र म्हणू लागले. टू-पाउंडरची आणखी एक अडचण होती. तिला स्फोटक गोळे सहसा मिळतच नसत. मिळायचा तो भरीव पोलादी गोळा. तो रणगाड्यासाठी ठीक, पण लपलेल्या पायदळावर किंवा दूरच्या शत्रूच्या तोफेवर त्याचा काय उपयोग? आमच्या खेळातही ब्रिटिश टू-पाउंडरला स्फोटक गोळा नाही.

मग अशी तोफ घ्यायचीच कशाला, असं भाऊ दर रविवारी विचारायचा. "आजोबा, मोठी घ्या ना, सिक्स-पाउंडर घ्या. नाहीतर तुम्हीपण रणगाडा घ्या."

"नको," आजोबा म्हणायचे. "तिथे हीच होती."

त्यांनी पहिले चार-पाच डाव पाहण्यात घालवले, असंच म्हणेन. खेळत होते, हरत होते, पण लक्ष सगळं आकड्यांकडे. मग एका संध्याकाळी वहीत त्यांनी कोष्टक मांडलं. टर्नर माणूस, मापाशिवाय चैन पडत नाही. ते कोष्टक मी इथे सांगतेच, कारण छोट्या तोफेचं सगळं शास्त्र त्यात आहे.

आमच्या नियमांत तोफ डागली की आधी फासा टाकून नेम लागला का ते बघायचं. जवळच्या अंतरावर ३ किंवा जास्त पडले की लागला. मग दुसरा फासा. त्यात तोफेची ताकद मिळवायची. हलक्या रणगाडाविरोधी तोफेची ताकद ४. बेरीज चिलखताच्या आकड्याहून जास्त आली तर गोळा आत घुसला. मध्यम रणगाड्याचं चिलखत ९. म्हणजे समोरून मारायचं तर फाशावर ६ च पाहिजेत. ५ पडले तर बरोबरी, म्हणजे वरवरचं नुकसान. बाजूने मारलं तर १ जास्त मिळतो, मागून मारलं तर २. आत घुसल्यावरही तिसरा फासा असतोच: ४, ५ किंवा ६ पडले तर रणगाडा कायमचा बाद.

आजोबांनी तिन्ही फासे गुणले. समोरून मारलं तर सरासरी १८ गोळ्यांना एक रणगाडा. बाजूने मारलं तर ९ गोळ्यांना एक. मागून मारलं तर ६ ला एक.

"१८, ९, ६," ते म्हणाले. "तोफ तीच, गोळा तोच, माणसं तीच."

आणि लांबून? तोफेचा पल्ला ४८ इंच. त्याच्या अर्ध्याहून जास्त अंतर असेल, म्हणजे २४ इंचांच्या पलीकडे, तर नेमही अवघड होतो आणि ताकदही १ ने घटते. मग मध्यम रणगाड्याच्या तोंडावर ६ पडले तरी फक्त बरोबरी. म्हणजे लांबून समोर मारलेला गोळा रणगाडा थेट बाद करूच शकत नाही. तो फक्त एक काम चोख करतो: तोफ कुठे लपली आहे ते सगळ्या टेबलाला सांगतो.

एवढं कळल्यावर आजोबांचा खेळ बदलला.

आमच्या खेळात कोणाची पाळी ते पिशवीतून ठरतं. प्रत्येक तुकडीमागे एक फासा, दोघांचे दोन रंग, सगळे एका पिशवीत. आमची पिशवी म्हणजे आजीचा जुना पानसुपारीचा बटवा. आजोबांचे हिरवे फासे, भावाचे काळे. हात घालायचा, जो रंग निघेल त्याने आपल्या एका तुकडीला हुकूम द्यायचा. हुकूम सहा प्रकारचे, त्यातला आजोबांचा लाडका अ‍ॅम्बुश. म्हणजे आत्ता काही करायचं नाही, दबा धरून बसायचं आणि शत्रू हलता हलता नेमका टप्प्यात आला की डागायचं. ही तोफ हलवली तर त्या पाळीत डागता येत नाही, आणि मारा फक्त समोरच्या कोनात. खरी टू-पाउंडर तीन पायांच्या बैठकीवर चाकं काढून ठेवायचे आणि ती पूर्ण गोल फिरायची, पण टेबलावर आम्ही सर्वसाधारण नियमच पाळतो. म्हणून तोफ कुठे मांडली, यातच अर्धा डाव जिंकला किंवा हरला जातो.

पूर्वी आजोबा तोफा टेकडीवर ठेवायचे, सगळं दिसतं म्हणून. आता ते टेकडीच्या मागच्या उतारावर ठेवू लागले. तिथून फारसं काही दिसत नाही, एक चिंचोळी पट्टी दिसते. पण ज्याला ती तोफ दिसते तो एकटाच असतो, आणि तो दिसतो तेव्हा जवळ आलेला असतो. दाराच्या फटीतून बघणाऱ्याला जसं अख्खं अंगण दिसत नाही, पण अंगणातूनही तो कोणाला दिसत नाही, तसं. सगळ्या मैदानावर हुकूमत हवी असेल तर मोठ्या तोफा लागतात. छोट्या तोफेने एकच गल्ली धरायची.

दुसरं म्हणजे दोन तोफा शेजारी शेजारी नाहीत. एक या टोकाला, एक त्या टोकाला, दोघींचा मारा मध्ये एकमेकांना छेदेल असा. रणगाड्याने एकीकडे तोंड केलं की दुसरीला त्याची कूस मिळते. माझा भाऊ एकदा या दोन तोफांच्या मध्ये असा अडकला की दर पाळीला रणगाडा डावीकडे वळवायचा की उजवीकडे, यातच त्याची अर्धी दुपार गेली. एकही रणगाडा बाद झाला नव्हता, पण रणगाड्यांनी काही कामही केलं नव्हतं. ५० गुणांच्या तोफेने त्याच्या कितीतरी पट महाग रणगाड्याला गुंतवून ठेवणं, हा सौदा आजोबांना फार आवडायचा.

तिसरी गोष्ट भावाने त्यांना शिकवली, हरताना. "आजोबा, तुम्ही सगळे गोळे माझ्या मोठ्या रणगाड्यावर का घालवता? माझ्या चिलखती गाडीचं चिलखत ७ आहे." खरंच, ७ चिलखताची गाडी समोरूनही ४ पडले की फुटते. छोट्या तोफेची खरी शिकार ती. टेहळणीच्या गाड्या, पायदळ वाहून आणणाऱ्या गाड्या, हलके रणगाडे. गाड्या गेल्या की पायदळ चालत येतं, आणि पायदळाशिवाय पुढे आलेला रणगाडा तुमच्या पायदळाच्या तावडीत सापडू शकतो. मोठा रणगाडा समोर असताना त्याला सोडून मागच्या गाडीवर नेम धरायला मात्र छातीच लागते. प्लास्टिकच्या सैनिकांना ती असते. खऱ्या माणसांच्या बाबतीत मी असं बसल्या जागी म्हणणार नाही.

आणि तोफ एकटी सोडायची नाही. तिच्यावर तीन माणसं. शत्रूचं पायदळ अंगावर आलं तर ती तिघं काय करणार? तेव्हा जवळ एक तुकडी हवीच, आणि ती तुकडी तोफेच्या इतकीही जवळ नको की एकाच स्फोटात दोघं जातील.

गप्प बसणं हा सगळ्यात अवघड भाग. माझा भाऊ मुद्दाम एखादी स्वस्त गाडी पुढे दामटतो, तोफ बोलती करायला. आजोबा हाताची घडी घालून बसतात. एका डावात सलग तीन पाळ्या त्यांनी तोफेला हातही लावला नाही. भाऊ वैतागून म्हणाला, "तोफ आहे की शोभेला ठेवलीय?" चौथ्या पाळीला रणगाडा खडकाला वळसा घालून गेला, पाठ इकडे करून, १० इंचांवर. आजोबांनी फासा टाकला. ५. दुसरा टाकला. ४. तिसरा ६. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय पडलं म्हणून.

असं वाट बघणं खऱ्या लढाईत काय असतं, त्याचं एक उदाहरण मला वाचताना मिळालं आणि मी ते घरात सगळ्यांना ऐकवलं. ऑक्टोबर १९४२, इजिप्तमधलं अल अलामेन. रायफल ब्रिगेडच्या एका बटालियनने १९ सिक्स-पाउंडर तोफा घेऊन वाळवंटातली एक उथळ खोलगट जागा धरली. तिचं सांकेतिक नाव स्नाइप. दिवसभर चहूबाजूंनी रणगाडे येत राहिले. सार्जंट कॅलिस्टन याच्या तोफेजवळ दोन-तीनच गोळे उरले होते, तेव्हा त्याने रणगाडे २०० यार्डांच्या आत येईपर्यंत हात आवरला. नंतर चौकशी समितीने मोजणी केली, तेव्हा तिथे निकामी झालेल्या रणगाड्यांचा आणि स्वयंचलित तोफांचा आकडा तिसाच्या वर भरला. बटालियनचा प्रमुख व्हिक्टर टर्नर याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅलिस्टनने पुढे सांगितलं की गोळे घेऊन आलेली जीप पेटली, तेव्हा तिच्या बॉनेटवर त्यांनी चहाचं पाणी तापवलं. हे ऐकून आई म्हणाली, "बघा, लढाईतसुद्धा चहाची वेळ पाळतात."

सिक्स-पाउंडर जरा थोराड तोफ, आमच्या खेळात ती मध्यम गटात येते. टू-पाउंडरवाल्यांची गोष्ट जास्त कठीण. वाळवंटात झटपट हलता यावं म्हणून ती बऱ्याचदा ट्रकच्या पाठीवर चढवून तिथूनच डागायचे. आडोसा नाही, उंचावर उभं राहायचं, आणि समोर रणगाडा. २१ नोव्हेंबर १९४१ ला सिदी रेझेघला वॉर्ड गन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या चार तोफांवर साठेक रणगाडे चालून आले. तीन तोफा गेल्या. चौथीचा ट्रक जळत होता, तिच्यावरून तो डागत राहिला आणि तिथेच मारला गेला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर.

ही गोष्ट ऐकल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही तोफ वाजली तरी."

त्या दिवशी आम्हाला कळलं की टू-पाउंडर हा शब्द त्यांच्याकडे कुठून आला.

त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, सातारा जिल्ह्यातले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये शिपाई. ही बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय बाजूला होती, अकराव्या भारतीय ब्रिगेडबरोबर. रोमेलचा मुख्य हल्ला २० जूनच्या पहाटे नेमका त्याच बाजूवर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुक पडलं. ३० हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. पणजोबा त्यात. पुढचा काळ इटलीत कैदेत गेला. १९४५ ला ते घरी आले. त्यांचं आफ्रिका स्टार हे पदक आजोबांच्या कपाटात आहे: सहा टोकांचा तारा, वाळूच्या रंगाची फीत, मधोमध लाल पट्टा.

साताऱ्याकडे फौजेत गेलेल्यांचा मान काय असतो ते तिकडच्या वाचकांना सांगायला नको. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. सगळ्यांना अभिमान. आणि आमचे पणजोबा म्हणजे हात वर करून आलेला माणूस. कोणी तोंडावर म्हणायचं नाही, पण लग्नाच्या पंगतीत, पारावर, कुठेतरी शब्द निघायचा. आजोबांना शाळेत पोरं कैद्याचा पोरगा म्हणायची. त्यावरून त्यांनी मारामाऱ्या केल्या. गाव सोडून इंदूरला कारखान्यात येण्यामागे नोकरी हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं, असं ते पहिल्यांदा आमच्यासमोर बोलले.

पणजोबा त्या दिवसाबद्दल बोलायचे नाहीत. फक्त एकदा, म्हातारपणी, आजोबांनी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, "आमच्या म्होरं टू-पाउंडर तोफ व्हती. ती वाजलीच न्हाई."

आजोबांनी त्याचा अर्थ आयुष्यभर एकच लावला होता. तोफेवरची माणसं पळाली.

पुढच्या रविवारसाठी मी तोब्रुकचा डाव मांडला. त्यासाठी आठवडाभर वाचलं. १९४१ मध्ये हेच तोब्रुक आठ महिने वेढ्यात टिकलं होतं, पण १९४२ पर्यंत त्याची दशा बदलली होती. पेरलेले बरेचसे सुरुंग उपटून दुसऱ्या आघाडीवर नेले होते. रणगाडे अडवायचा खंदक जागोजागी वाळूने भरला होता. आपली लढाऊ विमानं मागे इजिप्तमध्ये गेली होती, त्यामुळे आकाश मोकळं. पहाटे पाचच्या सुमारास जर्मन विमानांचे आणि तोफांचे गोळे एकाच पट्ट्यावर पडू लागले आणि मग त्या धुरातून सैनिक खंदकावर पूल टाकायला आले, मागून रणगाडे.

खेळाच्या पुस्तकात हल्ल्याआधीच्या भडिमाराचा नियम आहे. त्यात माणसं फारशी मरत नाहीत. पण प्रत्येक तुकडीवर पिन लागतात. पिन म्हणजे भीतीची, दडपणाची खूण. पिन लागलेल्या तुकडीला हुकूम दिला की आधी दोन फासे टाकायचे. नेहमीच्या सैनिकांचं मनोधैर्य ९. बेरीज ९ किंवा कमी आली तर हुकूम पाळला. प्रत्येक पिनमागे त्यातून १ वजा. तीन पिन असतील तर ६ किंवा कमी हवेत, आणि ते निम्म्यापेक्षा कमी वेळा पडतात. नाही पडले तर तुकडी जमिनीला चिकटून राहते. वर प्रत्येक पिनमागे नेमही बिघडतो.

डाव सुरू झाला. भडिमारात डावीकडच्या तोफेवर तीन पिन, उजवीकडच्या तोफेवर दोन. पहिल्या पाळीला डाव्या तोफेला हुकूम. ८ पडले. तोफ गप्प. दुसऱ्या पाळीला पुन्हा ८. तिसऱ्या पाळीला ७. तोपर्यंत रणगाडा १२ इंचांवर आला होता आणि त्याचा स्फोटक गोळा तोफेवर पडला. तिघंही गेले. उजव्या तोफेने एकदा गोळा डागला, तोही रणगाड्याच्या तोंडावर, कारण दुसरीकडून मारायला जागाच नव्हती. नेम लागला, वर ५ पडले. वरवरचं नुकसान. रणगाड्यातली माणसं एक पाळी सुन्न झाली, एवढंच. चौथ्या पाळीला डाव संपला. चाळीस मिनिटं.

भाऊ एरवी जिंकला की घरभर नाचतो. त्या दिवशी तो रणगाडे गुपचूप डब्यात भरायला लागला.

"थांब," आजोबा म्हणाले. "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा मी त्यांना तोफा हव्या तिथे ठेवू दिल्या आणि भडिमार काढून टाकला. त्यांनी एक तोफ खंदकाच्या वळणामागे अशी लपवली की पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाची कूस तिच्यापुढे यावी. भावाची एक चिलखती गाडी आणि एक रणगाडा तिथेच फुटला. बाकीचे मागे सरले. मग आजोबांनी तिसऱ्यांदा डाव मागितला, तोफा त्यांच्या पसंतीच्या जागी, पण भडिमार परत घालून. पुन्हा तेच. जागा उत्तम, पण हुकूम पाळायला डोकं वर काढता येईना. चौथ्यांदा पहिल्यासारखाच. पुन्हा एक तोफ शेवटपर्यंत गप्प. साडेसहा वाजले होते, आईने चहा हॉलमध्ये आणून दिला आणि टेबलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

हा खेळ म्हणजे पुरावा नव्हे, हे मी आजोबांना त्याच दिवशी म्हटलं. फासे आमचे, नियम कोणीतरी इंग्लंडमध्ये बसून लिहिलेले. त्यांना ते माझ्याआधीच कळलं होतं. "फाशाला काय माहिती," ते म्हणाले. "पण एवढं कळलं की तोफ न वाजायला माणसं पळायलाच पाहिजेत असं नाही."

रात्री त्यांनी गावाकडे फोन लावला. त्यांचे धाकटे भाऊ अजून तिथेच असतात, आबांच्या घरात. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल असा आवाज. आजोबांनी भडिमारापासून सुरुवात केली. पिन म्हणजे काय, ते दोनदा समजावलं. मग १८, ९, ६. पलीकडून नुसतं "हां, हां" येत होतं.

मध्येच त्यांनी मला विचारलं, "तोफेचं वजन किती गं?"

"आठशे किलोच्या वर."

"आठशे किलो," त्यांनी फोनमध्ये सांगितलं. "आणि वरून विमानं. ती फिरवायची कधी, ओढायची कधी?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग धाकटे आजोबा म्हणाले, "म्हणजे तोफेवरची माणसं तिथंच व्हती म्हणायची."

"असतील. डोकं खाली घालून असतील. आबांसारखीच."

"आन् किती डाव हरलास?"

"चारातले तीन."

"बरं. दिवाळीला इकडं येताना ते सगळं घिऊन ये. आन् त्या पोराला म्हणावं, दर येळेला जर्मन व्हायचं न्हाई. एकदा तोफेवर बस म्हणावं."